पाच टाक्या, पाच लवणता : खाऱ्या पाण्याच्या प्रकल्पाच्या नोंदी

५ जानेवारी

दहा-दहा लिटरच्या पाच काचेच्या टाक्या एका रांगेत मांडल्या. प्रकाश आणि तापमान सगळ्यांना सारखं, फरक फक्त मिठाचा. ठरवलेली लवणता अनुक्रमे ३५, ८०, १५०, २२० आणि ३०० ग्रॅम/लिटर. पाहायचं ते असं : मीठ वाढत गेलं की कोण गळतं, कोण तगतं, आणि पाणी लाल झालं तर तो रंग कोणाचा.

हाच प्रयोग निसर्गात आणि माणसाच्या हातून मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमध्ये १९५९ मध्ये रेल्वेसाठी दगडमातीचा भराव पडला आणि सरोवराचे दोन भाग झाले. नद्यांचं गोडं पाणी येतं ते दक्षिण भागात. तिथे हिरवट पाणी आणि आर्टेमिया (मिठवणीत राहणारा कोळंबीसारखा चिमुकला प्राणी). उत्तर भाग संपृक्ततेच्या जवळ पोचला आणि गुलाबी झाला. वरून घेतलेल्या छायाचित्रात भरावाची रेघ पट्टीने आखल्यासारखी दिसते.

टाकी १ साठी दहा लिटर कृत्रिम समुद्रजल : सोडियम क्लोराइड २४५ ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट १११, निर्जल सोडियम सल्फेट ४१, निर्जल कॅल्शियम क्लोराइड ११.६ (डायहायड्रेट असेल तर १५.४), पोटॅशियम क्लोराइड ७, सोडियम बायकार्बोनेट २. टाकी २ मध्ये हेच सव्वादोन पट, टाकी ३ मध्ये ४.२ पट.

टाकी ३ गढूळ झाली. कारण साधं आहे. समुद्राचं पाणी साडेतीन-चार पट आटलं की त्यातलं कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र येऊन जिप्सम बाहेर पडू लागतं, आणि आपण ४.२ पट घेतलं. त्यात कॅल्शियम क्लोराइडची पूड सरळ सल्फेटच्या द्रावणात टाकली होती. टाकी रिकामी करून पुन्हा : कॅल्शियम क्लोराइड निम्मं केलं, वेगळ्या अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवलं आणि सगळ्यात शेवटी, ढवळत, बारीक धारेने सोडलं. आता पाणी स्वच्छ.

टाकी ४ आणि ५ साठी वेगळी कृती, लवणप्रेमी सूक्ष्मजीवांच्या माध्यमाचा नेहमीचा साठा : एका लिटरला सोडियम क्लोराइड २४० ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट ३०, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ३५, पोटॅशियम क्लोराइड ७, एक मोलर कॅल्शियम क्लोराइड ५ मिलि, पीएच ७.५ चा एक मोलर ट्रिस बफर ५ मिलि. टाकी ५ मध्ये हा साठा तसाच. टाकी ४ मध्ये ७३३ मिलि साठा आणि २६७ मिलि पाणी या प्रमाणात.

एक गोष्ट आधीच लिहून ठेवावी. "लिटरला ३०० ग्रॅम" म्हणजे एक लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ नव्हे. तसं केलं तर द्रावण सुमारे १.११ लिटर होतं आणि लवणता २७० च्या आसपास येते. मीठ आधी थोड्या पाण्यात विरघळवायचं आणि मग खुणेपर्यंत पाणी भरायचं.

८ जानेवारी

लवणता मोजण्याचा दिवस. तीन साधनं.

रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून लवणता दाखवणारं साधन) समुद्रजलाच्या पट्टीचा, ० ते १०० पर्यंत. टाकी १ आणि २ सरळ वाचता आल्या. टाकी ३ साठी १० ग्रॅम नमुना आणि ४० ग्रॅम शुद्ध पाणी, तराजूवर. वाचन आलं २७, गुणिले ५ म्हणजे १३५. टाकी दीडशेची असताना १३५ का? पट्टी ग्रॅम/किलो दाखवते आणि टाकीवरची चिठ्ठी ग्रॅम/लिटरची आहे. या पाण्याची घनता १.१० च्या आसपास, तेव्हा १३५ गुणिले १.१० म्हणजे जवळजवळ १५०. दोन्ही आकडे बरोबर आहेत, एककं वेगळी आहेत. सरोवरांवरच्या जुन्या लेखांत हा घोळ जागोजागी सापडतो. तुलना करण्याआधी एकक तपासावं.

विरलन करताना पिपेटने मापून भागत नाही. घट्ट मिठवणी पिपेटच्या आतल्या भिंतीला चिकटून राहते आणि १० मिलिचं वजन १० ग्रॅम नसतंच. तराजूच वापरावा.

वाहकतामापक बाजूला ठेवला. सोडियम क्लोराइडची वाहकता संपृक्ततेच्या जवळ जाताना वाढायची जवळजवळ थांबते, म्हणजे नेमक्या जिथे आपल्याला फरक हवा तिथे काटा हलत नाही. शिवाय समुद्रविज्ञानात वाहकतेवरून जी व्यावहारिक लवणता काढतात तिची व्याख्याच २ ते ४२ एवढ्या टप्प्यापुरती आहे. टाकी १ ला चालेल, पुढच्यांना नाही.

हायड्रोमीटर (पाण्यात तरंगून घनता दाखवणारी नळी) सगळ्यात भरवशाचा. मिठागरात घनतेचे बॉमे अंश चालतात : समुद्राचं पाणी साधारण साडेतीन, जिप्सम पडतं तेरा-पंधराच्या सुमारास, मीठ साडेपंचविसाच्या आसपास, आणि २९-३० झाले की उरलेलं कडू पाणी सोडून देतात. टाकी ५ मध्ये घनता १.१८ आली, म्हणजे २२ अंश. तीनशेच्या टाकीला हे कमी आहे. उद्या बघू.

९ जानेवारी

कमी का, ते सापडलं. मॅग्नेशियमचे दोन्ही क्षार स्फटिकजलासह तोलले होते. हेक्झाहायड्रेटमध्ये खरं मॅग्नेशियम क्लोराइड ४७ टक्के, हेप्टाहायड्रेटमध्ये खरं मॅग्नेशियम सल्फेट ४९ टक्के. हिशेब : २४० अधिक १४ अधिक १७ अधिक ७ आणि कॅल्शियम क्लोराइडचा अर्धा ग्रॅम, म्हणजे २७९ ग्रॅम/लिटर. प्रयोगशाळांतल्या बाटल्यांवर या साठ्याला "३० टक्के" म्हणायची पद्धत आहे, ती स्फटिकजल धरून.

चिठ्ठ्या बदलल्या. टाकी ४ : २०४. टाकी ५ : २७९. यापुढे चिठ्ठीवर निर्जल क्षारांचाच आकडा, आणि त्याखाली घनता.

पडताळा म्हणून वाळवून वजन घेतलं. ५ ग्रॅम नमुना तोललेल्या कुपीत, आत काचतंतूच्या फिल्टर कागदाची घडी. घडी नसेल तर वर मिठाचा पापुद्रा धरतो, खाली पाणी अडकतं आणि तापल्यावर फटाफट उडून मीठ बाहेर जातं. आधी १०५ अंशांवर रात्रभर, मग १८० अंशांवर दोन तास. मॅग्नेशियम क्लोराइड १८० अंशांवरही थोडं पाणी धरून ठेवतं; जास्त तापवलं तर पाण्यासकट हायड्रोजन क्लोराइडही सोडतं. त्यामुळे मॅग्नेशियमबहुल पाण्यात वाळवून काढलेला आकडा कधीच अगदी नेमका नसतो. तिथे घनतेवर विश्वास ठेवावा.

१३ जानेवारी

बाष्पीभवन. टाकी १ चं पाणी रोज उतरतंय, टाकी ५ चं त्या मानाने फार कमी. संपृक्त मिठाच्या द्रावणाची जलक्रियाशीलता (पाणी किती मोकळं आहे त्याचं माप, शुद्ध पाण्याची १) ०.७५ असते, खोलीतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली असेल तरच ते पाणी सोडतं, वर गेली तर उलट हवेतलं पाणी ओढून घेतं. (आर्द्रतामापक तपासायला मिठाचा ओला लगदा बंद डब्यात ठेवतात तो याचमुळे.) म्हणून पाचही टाक्यांना एकच ठरावीक भर घालणं चूक. प्रत्येक टाकी रोज सकाळी वजनकाट्यावर, आणि जेवढं वजन घटलं तेवढंच शुद्ध पाणी. पाण्याच्या रेषेवरून भरू नये : टाकीत प्राणी, दगड, नळ्या आल्या की रेषा खोटी होते.

टाकी ४ आणि ५ च्या काठावरून मीठ चढू लागलंय. पांढरी बुरशी लागल्यासारखं दिसतं, कडेवरून बाहेर उतरतं. हे टाकीतलंच मीठ आहे, म्हणजे लवणता गुपचूप कमी होतेय. शिवाय वाळून उडालं की शेजारच्या टाकीत पडतं. काठाच्या आतल्या बाजूने दोन बोटं रुंद पेट्रोलियम जेलीचा पट्टा ओढला. आधी चढलेलं मीठ खरवडून आतच टाकलं.

हवेच्या नळ्याही तुंबताहेत. कोरडी हवा नळीच्या तोंडाशी पाणी सुकवते आणि तिथे मिठाचं बूच बसतं. उपाय : पंपाची हवा आधी शुद्ध पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत न्यायची, मग टाकीत. टाकी ३ पासून पुढे सच्छिद्र दगड काढून टाकले, नुसती ३ मिमी भोकाची कडक नळी ठेवली. पंप पाण्याच्या पातळीच्या वर, शिवाय उलट-झडप. वीज गेली की खारं पाणी उलट चढून पंपात जातं आणि पंप संपतो.

१९ जानेवारी

आर्टेमिया उबवणं, पहिली खेप. शंकूच्या तळाच्या एक लिटर भांड्यात २५ ग्रॅम/लिटरचं पाणी, बायकार्बोनेट घालून पीएच ८ च्या वर, तापमान २८ अंश, तळातून हवा, २००० लक्सचा दिवा, २ ग्रॅम सिस्ट. सिस्ट म्हणजे सुप्तावस्थेतला गर्भ, भोवती कठीण तपकिरी कवच. आकार २०० ते ३०० मायक्रोमीटर, एका ग्रॅममध्ये दोन-तीन लाख. पाणी शोषून झाल्यावर पहिले काही तास उजेड मिळाला नाही तर उबवण रेंगाळते.

२४ तासांनी २५० मायक्रोलिटरचे सहा नमुने घेतले आणि लुगोलचा (आयोडीनचा) थेंब टाकून मोजले. नॉप्लियस (नुकतीच उबलेली पिल्लं) थोडे, न उबलेले बरेच. न उबलेल्यांत रिकामी कवचं किती आणि भरलेली किती हे कळायला ब्लीचचे दोन थेंब : कवच विरघळतं, आत गर्भ असेल तर नारिंगी ठिपका उरतो. नारिंगी ठिपके भरपूर होते. म्हणजे सिस्ट पोकळ नव्हत्या, बिघडलेल्या होत्या. डबा उघडल्यानंतर झाकण सैल राहिलं होतं. सिस्टमधली ओल २ ते ५ टक्क्यांत हवी. त्यापेक्षा वाढली की आतला गर्भ अर्धवट जागा होतो, साठवलेली ट्रेहॅलोज ही साखर खर्चतो आणि उबण्याइतकी ताकद उरत नाही. नवा डबा, सिलिका जेलच्या पुड्या, छोट्या बंद कुप्यांत वाटणी.

२१ जानेवारी

दुसरी खेप, कवच काढून. १० ग्रॅम सिस्ट एक तास गोड्या पाण्यात भिजवल्या. गोल टम्म झाल्याशिवाय पुढे जाऊ नये, खळग्यात ब्लीच पोचत नाही. ब्लीचचं प्रमाण : दर ग्रॅम सिस्टला अर्धा ग्रॅम क्रियाशील क्लोरीन आणि ०.१५ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड, एकूण द्रव १४ मिलि. भांडं बर्फात, कारण क्रिया उष्ण आहे आणि ४० अंशांच्या वर गर्भ मरतो. रंग तपकिरी, मग राखाडी, मग नारिंगी. नारिंगी झाल्या झाल्या १२० मायक्रोमीटरच्या जाळीवर ओतून, वास जाईपर्यंत धुवून, ०.१ टक्का सोडियम थायोसल्फेटमध्ये मिनिटभर. रंग बदलल्यावर आणखी एक-दोन मिनिटं राहू दिलं तर फुकट मेहनत.

उबवण उत्तम. गोळा करताना हवा बंद करून पाच ते दहा मिनिटंच थांबावं; नॉप्लियस तळाशी दाटतात आणि तिथला ऑक्सिजन लगेच संपतो.

२ फेब्रुवारी

नॉप्लियस पहिल्या अवस्थेत खात नाही, तोंडच उघडलेलं नसतं. साधारण आठ तासांनी कात टाकली की ५० मायक्रोमीटरपेक्षा बारीक कण गाळून खातो. खाद्य डुनालिएला (खाऱ्या पाण्यातलं एकपेशी शैवाल), त्याच्या जोडीला थोडं यीस्ट. यीस्टचा हात सैल सुटला की पाणी सडतं. पांढरी चकती बांधलेली काठी १५ ते २० सेंटिमीटरवर दिसेनाशी व्हावी, इतपतच गढूळपणा.

टाकी १ मधून ८० मध्ये सरळ टाकलेले बरेचसे जगले. १५० मध्ये सरळ टाकलेले तळाशी निपचित. दुसरा गट रोज १० ते १५ ग्रॅमच्या पायऱ्यांनी चढवला. तो १५० ला पोचला आणि पोहतोय. प्रौढ आर्टेमिया शरीरातला द्रव ९ ग्रॅम/लिटरच्या आसपास राखतो, भोवती कितीही मीठ असलं तरी : खारं पाणी पितो, मीठ पायांवरच्या कल्ल्यांतून बाहेर फेकतो. नॉप्लियसला हे कल्ले नसतात, त्याचं काम मानेवरची ग्रंथी करते. हा पंप चालवायला ऊर्जा लागते आणि नेमका ऑक्सिजन मीठ वाढेल तसा पाण्यात कमी विरघळतो. टाकी ३ मधले प्रौढ लालसर दिसताहेत, ते हिमोग्लोबिन आहे. ऑक्सिजन कमी पडला की ते जास्त बनवतात. हवा वाढवली.

ऑक्सिजनमापकाविषयी : त्यात लवणतेची दुरुस्ती असते, पण ती समुद्राच्या पाण्याच्या थोड्या पुढेपर्यंतच. टाकी ३ ते ५ मधले मिलिग्रॅम/लिटर वहीत लिहायचे नाहीत, फक्त टक्के संपृक्तता लिहायची.

११ फेब्रुवारी

डुनालिएला सलायना टाकी ३ च्या पाण्याने भरलेल्या फ्लास्कमध्ये, आणि एक मोठा गट टाकी ४ मध्ये. लिटरमागे सोडियम नायट्रेट ७५ मिलिग्रॅम, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ५ मिलिग्रॅम, सूक्ष्म धातू, बी१, बी१२, बायोटिन आणि ०.८४ ग्रॅम बायकार्बोनेट. उजेड १६ तास, अंधार ८ तास. हवा अगदी मंद, कारण या शैवालाला कडक पेशीभित्ती नाही, फक्त पातळ आवरण. जोराच्या बुडबुड्यांनी पेशी फाटतात.

मायक्रोस्कोपखाली काचपट्टीच्या कडेने गोडं पाणी सोडून लवणता निम्मी केली. लांबट पेशी मिनिटभरात फुगून गोल झाल्या. तास-दोन तासांत पुन्हा मूळ आकारात. आतलं ग्लिसरॉल पेशी स्टार्चमध्ये बदलते आणि दाब उतरवते. मीठ वाढवलं तर उलट. बाहेरचं मीठ आत येऊ न देता ग्लिसरॉलने समतोल साधायचा, हा एक मार्ग. दुसरा मार्ग टाकी ५ मध्ये सोडायच्या लवणप्रेमी सूक्ष्मजीवांचा : पेशीतच पोटॅशियम क्लोराइड ठासून भरायचं आणि सगळी प्रथिनं त्या मिठातच चालतील अशी घडवायची. हा मार्ग स्वस्त, पण परतीचा नाही. मीठ कमी झालं की ती प्रथिनं उलगडतात.

१७ फेब्रुवारी

टाकी ४ मधला हिरवा रंग दोन दिवसांत विरला. नमुन्यात नासपतीच्या आकाराचे मोठे, केसाळ, आतून हिरवे-नारिंगी जीव : फॅब्रिआ सलायना, डुनालिएला खाणारा सिलिएट (केसाळ एकपेशी जीव). टाकी ३ ची पिपेट टाकी ४ ला वापरल्याने आला असावा. तो सुमारे २०० ग्रॅमपर्यंत टिकतो, त्यामुळे २०४ ची टाकी त्याच्या सीमेवरच आहे. २३० पर्यंत चढवली, आठवडाभर तशीच ठेवली, नवं शैवाल टाकलं. पिपेट, जाळ्या, काठ्या आता प्रत्येक टाकीच्या वेगळ्या, रंगीत पट्टी लावून.

२० फेब्रुवारी

लवणप्रेमी आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या कुळातले एकपेशी जीव. त्यांतल्या हॅलोबॅक्टेरियम सलिनारमचं शुद्ध संवर्धन आणि सोबत न धुतलेलं जाडं खडा मीठ, १० ग्रॅम एका फ्लास्कमध्ये. माध्यम (साठा ३० टक्के धरला तर २३ टक्के मिठाचं) : ७६७ मिलि साठा, २३३ मिलि पाणी, पेप्टोन (पचवलेली प्रथिनं) ५ ग्रॅम, यीस्ट अर्क १ ग्रॅम, पीएच ७.५. प्लेटसाठी अगर (माध्यम गोठवणारी पूड) १५ ग्रॅम. घट्ट मिठवणीत अगर सहजी विरघळत नाही, तळाशी गोळा बसतो; ऑटोक्लेव्हच्या (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करण्याच्या) आधीच ढवळत उकळून पूर्ण विरघळवावा, आणि ६० अंशांच्या खाली येऊ न देता ओतावा, गोड्या माध्यमापेक्षा लवकर गोठतो. तापमान ३७ अंश. प्लेटा उलट्या, बंद प्लास्टिक पिशवीत, सोबत ओलसर कागद. पिशवी नसेल तर दहा दिवसांत अगरवर मिठाचे चौकोनी स्फटिक उगवतात आणि वसाहत कोणती, मीठ कोणतं ते कळत नाही.

४ मार्च

शुद्ध संवर्धन एका फ्लास्कमध्ये वाढलं, दुसऱ्यात पारदर्शक झालं, म्हणजे पेशी फुटल्या. फरक फक्त पेप्टोनच्या डब्याचा. काही पेप्टोनमध्ये पित्तक्षारांचा अंश असतो. बऱ्याच जिवाणूंना तो चालून जातो, पण या आर्कियांच्या पेशी तेवढ्यानेच विरघळतात. नवा डबा आणल्यावर आधी एका छोट्या नळीत तपासायचा, मग लिटरभर माध्यम बनवायचं.

प्लेटांवर वसाहती शून्य, त्याचंही कारण निघालं. विरलनाच्या नळ्यांत सवयीने सामान्य ०.८५ टक्के सलाइन भरलं होतं. इतक्या कमी मिठात हॅलोबॅक्टेरियम फुटतंच. विरलन त्याच २३ टक्के मिठवणीत करायचं. हीच खोड ओळखचाचणी म्हणूनही कामी येते : लाल संवर्धनाचा थेंब शुद्ध पाण्यात टाका, गढूळपणा क्षणात गेला आणि द्रव तारेसारखा चिकट झाला (तो डीएनए) तर आर्किया असण्याची शक्यता मोठी. खात्रीसाठी अँपिसिलिन १०० मायक्रोग्रॅम/मिलि घातलेली प्लेट. अँपिसिलिन घाव घालतं ते जिवाणूंच्या भिंतीतल्या पेप्टिडोग्लायकनवर. आर्कियांच्या भिंतीत ते नाही, तेव्हा त्यांना अँपिसिलिनचं काही वाटत नाही.

ग्रॅम रंजनातही (रंग देऊन जिवाणूंचे गट ओळखण्याच्या चाचणीत) हाच सापळा : धुताना पेशी पाण्याबरोबर जातात. दुसो यांच्या १९५५ च्या पद्धतीप्रमाणे पातळ थर आधी २ टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये पाच मिनिटं स्थिर करायचा, वाळवायचा, मग रंग.

१२ मार्च

खडा मिठाच्या फ्लास्कमध्ये तीन आठवड्यांनी गुलाबी छटा. फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपखाली काड्या, गोल, आणि मोजक्या अगदी चौकोनी, चपट्या, टपाल तिकिटांसारख्या पेशी. असा आकार हॅलोक्वाड्राटमचा. अँथनी वॉल्सबी यांनी १९८० मध्ये सिनाईतल्या खाऱ्या डबक्यात चौकोनी पेशी पाहिल्या. त्यांचं शुद्ध संवर्धन २००४ मध्ये दोन स्वतंत्र गटांना जमलं. मिठागरात विपुल असूनही चोवीस वर्षं लागली, कारण पोषक माध्यमात भराभर वाढणारे दुसरेच पुढे जातात. याला कमी पोषक, पायरुव्हेट आणि धीर लागतो. आमच्या पाच ग्रॅम पेप्टोनच्या प्लेटवर तो दिसला नाही आणि दिसणारही नाही.

१८ मार्च

रंगाचा निकाल. टाकी ४ (आता २३०, नायट्रेट संपलेलं, उजेड तीव्र) नारिंगी. टाकी ५, आर्किया सोडल्यानंतर, गुलाबी-लाल. प्रत्येकी ५० मिलि सेंट्रिफ्यूज करून गोळा ॲसिटोनमध्ये काढला आणि ३८० ते ७०० नॅनोमीटर वाचलं. टाकी ४ : ४५० ला शिखर, ४७५ ला खांदा, ६६० च्या पुढे हरितद्रव्य; म्हणजे बीटा-कॅरोटीन, डुनालिएलाचं रंगद्रव्य. टाकी ५ : ४७०, ४९५ आणि ५२८ च्या आसपास तीन बोटं, म्हणजे बॅक्टेरिओरुबेरिन, आर्कियांचं रंगद्रव्य. ४८२ ला शिखर आणि पुढे खांदा मिळाला असता तर सॅलिनिबॅक्टर या जिवाणूचा संशय घेतला असता.

खऱ्या सरोवरात दोघं एकत्र असतात, आणि तिथे वजनावरून निष्कर्ष काढणं फसवं. डुनालिएलात कॅरोटीन प्रचंड असतं, कोरड्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत, पण ते हरितलवकातल्या तेलाच्या थेंबांत गच्च भरलेलं. आर्कियांचं रंगद्रव्य पेशीपटलभर पातळ पसरलेलं. म्हणून मिठागराच्या शेवटच्या वाफ्यांत अर्कात कॅरोटीन जास्त निघालं तरी डोळ्यांना दिसणारा लाल बहुतेक आर्कियांचा असतो. लोणारचं पाणी २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं तेव्हाही तपासणीत लवणप्रेमी आर्कियाच सापडले.

२४ मार्च

लोणार, कॅलिफोर्नियातलं मोनो, टांझानियातलं नेट्रॉन ही सोडा सरोवरं, म्हणजे कार्बोनेटने अल्कली झालेली. पीएच १० च्या आसपास. त्यासाठी एक लहान सहावं भांडं : मीठ २०० ग्रॅम/लिटर, सोडियम कार्बोनेट १८.५, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट फक्त १ ग्रॅम. कार्बोनेट वेगळं ऑटोक्लेव्ह करून थंड झाल्यावर मिसळायचं, नाहीतर पांढरा साका. निसर्गातही कार्बोनेट कॅल्शियम-मॅग्नेशियमला पाण्यातून असंच बाद करतं. मोनो सरोवराच्या काठचे टूफाचे (चुनखडीचे) खांब त्यातूनच उभे राहिले.

क्लोराइड मोजायला केलेल्या सिल्व्हर नायट्रेटच्या टायट्रेशनमध्ये इथे आकडा अवास्तव जास्त आला : कार्बोनेटही चांदीसोबत साका देतं. नमुना आधी पीएच ७-८ वर आणायचा, तोही नायट्रिक ॲसिडने. हायड्रोक्लोरिक वापरलं तर मोजायचं तेच आपण ओतलं. काचेचा पीएच इलेक्ट्रोड मात्र सोडियमने भरलेल्या अल्कली पाण्यात थोडं कमीच दाखवतो. आकड्यापुढे "मिठवणीत वाचलेला" असं लिहायचं.

२ एप्रिल

ताटातलं बाष्पीभवन. टाकी १ चं ५ लिटर पाणी पसरट ताटात, पंख्याखाली. १८४९ मध्ये युसिग्लिओ यांनी भूमध्य समुद्राचं पाणी आटवून क्रम लावला, तोच इथे. निम्मं झालं तेव्हा धुळीसारखी साय : कॅल्शियम कार्बोनेट, हिशेबाने ५ लिटरमागे जास्तीत जास्त ०.६ ग्रॅम. दीड लिटरच्या खाली सुया : जिप्सम, जास्तीत जास्त ८ ग्रॅम. अर्ध्या लिटरजवळ पृष्ठभागावर तरंगणारे उलटे पोकळ पिरॅमिड : मीठ. ढवळू नये, पिरॅमिड बुडतात आणि तळाशी साधे घन वाढतात.

उरलेल्या कडू, तेलकट पाण्यात हॅलोबॅक्टेरियम टाकलं. १४ दिवस वाढ नाही, तपासताना पेशीही नाहीत. एकूण लवणता टाकी ५ पेक्षा फारशी वेगळी नव्हती, पण मिठातलं सोडियम तळाशी बसलं होतं आणि मॅग्नेशियम वर राहिलं होतं. संपृक्त सोडियम क्लोराइडची जलक्रियाशीलता ०.७५, संपृक्त मॅग्नेशियम क्लोराइडची ०.३३, सजीवांची ज्ञात वाढ ०.६ च्या आसपास थांबते. शिवाय जास्त मॅग्नेशियम क्लोराइड प्रथिनांची घडी मोडतं. मृत समुद्र या उतारावरच आहे. तिथे जीव आहेत हे वोल्कानी यांनी १९३६ मध्ये दाखवलं, पण पाणी लाल व्हायला १९८० आणि १९९२ सारखा भरपूर पावसाचा हिवाळा लागला.

९ एप्रिल

तो पाऊस टाकी ५ वर. तरंगत्या स्पंजवर एक लिटर गोडं पाणी, मिनिटाला १० मिलि. मिसळलं नाही, वर वेगळा थर बसला. सीमेवर प्रकाश वाकलेला दिसतो. जास्त वेगाने ओतलेल्या पहिल्या प्रयत्नात सगळं ढवळलं होतं. वरच्या थरात, १२० च्या आसपास, टाकी ३ मधलं डुनालिएला सोडलं. नवव्या दिवशी हिरवा पट्टा. खालचा लाल थर आहे तिथेच. दिव्याखाली खालचा थर वरच्यापेक्षा गरम : जड पाणी वर येऊ शकत नाही, म्हणून उष्णता अडकते.

१९ एप्रिल

थंड खोलीतल्या एका नमुन्याच्या बाटलीत लांब काचेसारखे स्फटिक. सल्फेटबहुल पाणी ४ अंशांवर ठेवलं की मिराबिलाइट (स्फटिकजलासह सोडियम सल्फेट) पडतं. ग्रेट सॉल्ट लेकमध्ये हिवाळ्यात काठावर हेच साचतं. बाटली ३० अंशांवर ठेवून हलवली, सगळं परत विरघळलं. असे नमुने खोलीच्या तापमानालाच, काठोकाठ भरून, अंधारात.

टाकी ५ चं १०० मिलि संवर्धन दोन काचेच्या बशांत ओतलं, झाकण किंचित उघडं. नऊ-दहा दिवसांत ५ ते ८ मिमीचे गुलाबी घन येतील, आत द्रवाचे बारीक कप्पे आणि त्यात जिवंत पेशी. ते कोरडे करून बंद कुप्यांत, कुपीवर द्रावणातले सगळे क्षार निर्जल ग्रॅममध्ये आणि घनता. ४, ८ आणि १६ आठवड्यांनी दोन-दोन उघडायचे. विरघळवायचे ते २३ टक्के माध्यमात. पाण्यात टाकले तर आतले सगळे फुटतील.